परभणीची रयत आणि निजामाचें युद्ध

युद्धाचा इतिहास लिहितांना सेनापतींचीं नांवें, फौजांची संख्या आणि शरणागतीच्या तारखा यांनाच बहुधा पहिला मान मिळतो. ज्या रयतेच्या नांवानें युद्ध पुकारलें जातें तिला तें हवें होतें कीं नाहीं, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. हैदराबाद संस्थानाच्या अखेरची हकीगतही अशीच सांगितली जाते: १३ सप्टेंबर १९४८ रोजीं हिंदी फौजा सरहद्द ओलांडून आंत शिरल्या, १७ तारखेस निजामानें हार मानली, आणि प्रकरण मिटलें. परंतु या पांच दिवसांच्या मागें तेरा महिन्यांचा एक लढा आहे. परभणीसारख्या जिल्ह्यांतील सामान्य माणसांनीं आपल्याच राज्यकर्त्यांच्या युद्धखोरीविरुद्ध तो दिला. तो वगळला तर या इतिहासाचा अर्थच हरवतो, असें आम्हांस वाटतें.

तेव्हांचा परभणी जिल्हा आजच्यापेक्षां बराच मोठा होता. हिंगोली, कळमनुरी, वसमत त्यांत होतीं. आज जालना जिल्ह्यांत असलेलें परतूरही त्यांतच होतें. शेतकऱ्याची भाषा मराठी आणि कचेरीची उर्दू. सरकारी परवानगीवांचून सभा भरविण्याची सोय नव्हती. अशा काळांत, १९३७ सालीं, परतूर येथें गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखालीं महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन भरलें. पुढच्याच वर्षीं स्टेट काँग्रेस निघाली. पण तिचें काम सुरू होण्यापूर्वींच तिच्यावर बंदी आली, आणि ती उठण्यास १९४६ साल उजाडावें लागलें.

राज्यकर्त्यांचीं युद्धें या रयतेस नवीं नव्हतीं. पहिल्या महायुद्धांत निजामानें इंग्रजांस सढळ हातानें पैसा दिला आणि १९१८ सालीं ‘ब्रिटिश सरकारचा विश्वासू दोस्त’ हा किताब मिळविला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत सक्तीची लेव्ही आली, आणि शेतकऱ्याला ठरलेलें धान्य सरकारी भावानें घालावें लागूं लागलें. किताब दरबाराचा, भार कुळंब्याचा, हा हिशेब खेड्यांतल्या माणसाला समजावून सांगावा लागत नव्हता.

जून १९४७ मध्यें निजामानें स्वतंत्र राहण्याचा मनोदय जाहीर केला. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालीं स्टेट काँग्रेसनें ७ ऑगस्टला हिंदी संघराज्यांत सामील होण्याची चळवळ सुरू केली. २९ नोव्हेंबरला ‘जैसे थे’ करार झाला खरा. पण इकडे लातूरचे वकील कासिम रझवी यांची रझाकार संघटना फोफावली, लायक अली पंतप्रधान झाले, आणि सिडने कॉटन नांवाचा वैमानिक चोरून शस्त्रें आणूं लागला. दरबार युद्धाची तयारी करीत होता, हें उघड होतें.

रयतेनें त्यावर योजिलेला उपाय साधा होता: युद्ध ज्यावर पोसतें तें देणेंच बंद करावयाचें. मराठवाडाभर लेव्ही नाकारण्याचा प्रचार झाला. करोडगिरीचीं नाकीं मोडलीं गेलीं. वकिलांनीं कोर्टें सोडलीं, विद्यार्थ्यांनीं शाळा सोडल्या. शिंदीचीं झाडें तोडण्याचा कार्यक्रम तर विशेष ध्यानांत घेण्याजोगा आहे. अबकारी ही निजामाच्या तिजोरीची एक मोठी बाजू. म्हणून ओढ्याकांठचें एक झाड आडवें झालें कीं तेवढी आवक बुडाली. या कामास बंदूक लागत नव्हती, विद्वत्ताही लागत नव्हती. कुऱ्हाड आणि तुरुंगाची तयारी एवढें पुरे होतें. परभणीचे मुकुंदराव पेडगांवकर, सेलूचे विनायकराव चारठाणकर यांचीं नांवें आपणांस ठाऊक आहेत. झाडें तोडणाऱ्या बहुतेकांचीं कोठेंही नोंदलेलीं नाहींत.

सारा लढा निःशस्त्र होता असें मात्र म्हणतां येणार नाहीं. संस्थानाच्या सरहद्दीबाहेर उमरखेडसारख्या ठिकाणीं कार्यकर्त्यांच्या छावण्या होत्या आणि तेथून सशस्त्र हल्लेही झाले. रझाकारांनीं गांवें लुटलीं आणि जाळलीं. अनेक कुटुंबांस वऱ्हाडांत आसरा घ्यावा लागला. हा झगडा दोन धर्मांचा होता असें मानणाऱ्यांनीं ‘इमरोझ’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचें स्मरण करावें. सामिलीकरणाचा पुरस्कार केल्याबद्दल ऑगस्ट १९४८ मध्यें हैदराबाद शहरांत त्यांचा खून झाला.

आणि विजयानंतरचें पान झांकून ठेवणें हेंही इतिहासलेखकास शोभणारें नाहीं. लष्करी कारवाईच्या वेळीं आणि नंतर संस्थानांत मुसलमानांची मोठी कत्तल झाली. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें मृतांचा आंकडा २७ ते ४० हजारांच्या दरम्यान धरला आणि सर्वाधिक हानि झालेल्या जिल्ह्यांत परभणीच्या शेजारचें नांदेडही घातलें. तो अहवाल कित्येक दशकें प्रसिद्ध झाला नाहीं. मारल्या गेलेल्यांत असंख्य माणसें अशीं होतीं कीं ज्यांना रझवींचें युद्ध कुळंब्याइतकेंच नको होतें.

दरवर्षीं १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिदिन साजरा होतो, झेंडे लागतात, भाषणें होतात; तीं व्हावींत. पण त्या दिवशीं फौजांच्या आगेकूचीबरोबर त्या तोडलेल्या शिंदीची आणि त्या न घातलेल्या लेव्हीचीही आठवण व्हावी, आणि निरपराध मेलेल्यांचीही. दरबाराचें युद्ध म्हणजे आपलें युद्ध नव्हे, एवढें ओळखण्याची बुद्धि या जिल्ह्यांतील निरक्षर शेतकऱ्यास होती. तीच बुद्धि सूडाच्या दिवसांतही सर्वांस राहिली असती, तर या मुक्तीस कोणताही डाग लागला नसता.