द ग्राउंड बिनीथ हर फीट : वाचकांचा प्रतिसाद

सलमान रश्दी (जन्म १९४७, मुंबई) यांची ही इंग्रजी कादंबरी १९९९ च्या एप्रिल महिन्यात लंडनमध्ये जोनाथन केप आणि न्यूयॉर्कमध्ये हेन्री होल्ट या प्रकाशनसंस्थांनी काढली. पृष्ठसंख्या सुमारे पावणेसहाशे. ‘व्हीटीओ’ या काल्पनिक रॉक बँडची, आणि त्याचे दोन आधारस्तंभ ऑर्मस कामा व वीणा अप्सरा यांच्या प्रेमाची ही कथा आहे. प्रसिद्ध झाल्यापासून तिच्याविषयी वाचकांत दोन तट पडले. गंमत म्हणजे एकाच वाचकाच्या मनातही हे दोन तट असतात : पूर्वार्धावर जीव टाकणारे अनेक जण उत्तरार्धात तिच्याशी भांडतात.

कथानक. वीणा १४ फेब्रुवारी १९८९ रोजी मेक्सिकोतील भूकंपात गडप होते, तिथून कादंबरी सुरू होते. रश्दींच्या वाचकाला ही तारीख वेगळी सांगावी लागत नाही. त्याच दिवशी आयातुल्ला खोमेनी यांनी त्यांच्याविरुद्ध फतवा काढला होता. निवेदक उमीद मर्चंट ऊर्फ राय हा छायाचित्रकार, वीणाचा बालपणापासूनचा सोबती आणि पुढे तिचा छुपा प्रियकर. त्याच्या आठवणींतून कथा १९३०–६० च्या मुंबईत शिरते. ऑर्मस हा अपोलो बंदरवरच्या पारशी घरातला. त्याचा जुळा भाऊ गायोमार्त जन्मतःच मेलेला; तो स्वप्नात येऊन ऑर्मसला गाणी ऐकवतो आणि तीच गाणी एक हजार एक रात्रींनंतर पाश्चात्त्य गायकांच्या नावावर बाजारात येतात. वीणा ग्रीक-अमेरिकन आई आणि भारतीय वडील यांची मुलगी. अमेरिकेतलं घर उद्ध्वस्त झाल्यावर मुंबईला पाठवलेली. दोघांची गाठ पडते ती रेकॉर्डच्या दुकानात. पुढे लंडन, समुद्रातलं चोरटं रेडिओ केंद्र, न्यूयॉर्क, जगभरची कीर्ती, ताटातूट आणि मृत्यू. मृत प्रियेला पाताळातून परत आणायला गेलेल्या ऑर्फियसची ग्रीक कथा या साऱ्याच्या तळाशी आहे, आणि तिच्या शेजारी शंकराने जाळलेल्या कामासाठी आकांत करणाऱ्या रतीची आपली कथाही.

मुंबईचा भाग. या भागावर वाचकांचं जवळपास एकमत आहे. रायचे वडील शहराच्या पोटात काय दडलंय हे खणून पाहण्यात रमलेले, आई मात्र उंच इमारतींची स्वप्नं पाहणारी. नवराबायकोच्या संसारात शहराचा भूतकाळ आणि भविष्यकाळ समोरासमोर उभे राहतात. कफ परेडचे बंगले, ऑर्मसचे वडील सर डॅरियस कामा यांचं साहेबी घर, आणि अस्तित्वातच नसलेल्या बकऱ्यांच्या जिवावर सरकारी पैसा खाणारा पिलू दूधवाला, ही चित्रं वाचकांना पाठ असतात. हिंदी, उर्दू, गुजराती, मराठी आणि इंग्रजी यांच्या मुंबईतल्या सरमिसळीला रश्दींनी या पाच भाषांची आद्याक्षरं जोडून ‘हग-मी’ असं नाव दिलं, तेही याच पुस्तकात. रेकॉर्डच्या दुकानाचं वर्णन वाचताना मुंबईच्या वाचकाला काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस आठवणं साहजिक आहे. ते २०१६ मध्ये बंद झालं आणि तेव्हापासून ही पानं अधिक हळवी वाटू लागली आहेत. मराठी वाचकाला मात्र एक उणीव खुपते. ही मुंबई बंदर, टेकडी आणि परेडची आहे. त्याच काळात लालबाग-परळच्या चाळींत जी गाणी घुमत होती, तिकडे कथेचा कान नाही. तक्रार रास्त आहे. पण ज्या वर्गात राय वाढला त्याचीच नजर लेखकाने प्रामाणिकपणे ठेवली आहे, हेही मान्य करायला हवं.

पारशी रॉकस्टार ही कल्पना कुणाला अचाट वाटली, तर अनेकांना फ्रेडी मर्क्युरीची आठवण झाली. क्वीन या बँडचा हा गायक मूळचा फारूख बलसारा, झांझिबारात जन्मलेला पारशी. त्याचं शालेय शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झालं आणि त्याचा पहिला बँडही तिथलाच, ‘द हेक्टिक्स’. ऑर्मसमध्ये फ्रेडीचा अंश शोधणारे वाचक चुकत नाहीत, पण तेवढ्यावर थांबले तर फसतात. जन्मतः मेलेला जुळा भाऊ एल्विस प्रेस्लीचा आहे आणि ऑर्मसच्या अखेरीवर जॉन लेननच्या हत्येची सावली आहे.

वादाचे मुद्दे. पहिला मुद्दा गाण्यांचा, आणि तो सर्वांत खरा आहे. व्हीटीओची गाणी जग हलवून टाकतात असं निवेदक परोपरीने सांगतो, आणि मग ती गाणी छापील ओळींत समोर ठेवतो. ताल, आवाज, गिटार काहीच नाही; नुसते शब्द. इतक्या स्तुतीनंतर ते शब्द वाचकाला तोकडे वाटतात. आयरिश लेखक रॉडी डॉइल यांच्या ‘द कमिटमेंट्स’ (१९८७) मधला डब्लिनचा बँड लोकांना ठाऊक असलेली सोल गाणीच गातो, त्यामुळे वाचकाच्या कानात चाल आधीच असते. रश्दींनी ही सोय घेतली नाही. दैवी प्रतिभेचा गायक रंगवायचा तर गाणीही नवी हवीत, हा त्यांचा हट्ट होता. तो साहसी होता, पण पुरता साधला नाही.

दुसरा मुद्दा बदललेल्या जगाचा. कादंबरीत जॉन केनेडी डॅलसमध्ये वाचतात, वॉटरगेट ही कुणीतरी रचलेली गोष्ट असते, आणि ओळखीच्या गायकांची नावं उलटीपालटी झालेली असतात. रॉकच्या इतिहासाची आवड असलेल्यांना हे कोडं सोडवण्यात आनंद मिळतो. इतरांना तो नुसता शब्दखेळ वाटतो आणि दुःखाच्या प्रसंगीही लेखक कोट्या सोडत नाही, याचा त्रास होतो. तिसरा मुद्दा वीणाचा. राय आणि ऑर्मस दोघेही तिला पुजतात, तिच्या मृत्यूनंतर जग शोकात बुडतं (१९९७ मधल्या राजकन्या डायनाच्या मृत्यूशी त्याची तुलना पुष्कळांनी केली), पण तिचं स्वतःचं मन पुरेसं उघडत नाही, असं अनेक वाचकांना वाटतं. पहिल्या शंभरेक पानांतली उद्धट, भुकेली, कुणावरही विश्वास न ठेवणारी पोर ज्याने वाचली आहे, त्याला पुढची देवीसारखी वीणा परकी वाटणारच.

समीक्षक जेम्स वुड यांनी २००० साली ‘द न्यू रिपब्लिक’मध्ये झेडी स्मिथ यांच्या पहिल्या कादंबरीवर लिहिताना ‘उन्मादी वास्तववाद’ या अर्थाची संज्ञा वापरली, आणि कथांच्या अतिरेकाचा नमुना म्हणून पाळण्यात गिटार वाजवणाऱ्या रश्दींच्या नायकाचा उल्लेख केला. ज्या प्रसंगाबद्दल ते बोलत होते तो अगदी छोटा आहे : नुकत्याच जन्मलेल्या ऑर्मसची बोटं हवेत तारा छेडल्यासारखी हलतात. वुड यांना त्यात माणूस हरवलेला दिसला. पुराणकथांवर वाढलेल्या वाचकाला असं बाळ खटकत नाही. गर्भात चक्रव्यूह ऐकणारा अभिमन्यू आपण बालपणीच स्वीकारलेला असतो. म्हणून या एका मुद्द्यावर वुड यांचा निर्णय कडक वाटतो, उत्तरार्धाबद्दल मात्र त्यांच्याशी सहमत व्हावं लागतं.

संगीतातले पडसाद. यू-टू या आयरिश बँडशी रश्दींची मैत्री जुनी. १९९३ मध्ये लंडनच्या वेम्बली मैदानातल्या कार्यक्रमात ते बँडचा गायक बोनो याच्यासोबत रंगमंचावर आले होते. वीणाच्या मृत्यूनंतर ऑर्मस लिहितो त्या शोकगीताला यू-टूने चाल लावली, आणि विम वेंडर्स यांच्या ‘द मिलियन डॉलर हॉटेल’ (२०००) या चित्रपटात ते आलं. कागदावर तोकडे वाटलेले तेच शब्द बोनोच्या आवाजात भरून येतात, हा अनुभव अनेक वाचकांनी घेतला आहे. लेखनात उणीव होती ती शब्दांची नसून आवाजाची होती, असं हे गाणं ऐकल्यावर म्हणता येतं. २००७ मध्ये मँचेस्टर आंतरराष्ट्रीय महोत्सवात व्हिक्टोरिया बोरिसोव्हा-ओलास यांची याच कादंबरीवरची वाद्यवृंदरचना हॅले ऑर्केस्ट्राने सादर केली.

पुरस्कार व भारतभेट. १९९९ च्या बुकर पुरस्काराच्या अंतिम यादीत कादंबरीला स्थान मिळालं नाही. तो पुरस्कार जे. एम. कोएट्झी यांच्या ‘डिसग्रेस’ला गेला. राष्ट्रकुल लेखक पुरस्कारात मात्र ती २००० साली युरेशिया विभागात सर्वोत्कृष्ट ठरली, आणि एकूण पुरस्काराला पुन्हा ‘डिसग्रेस’च आडवी आली. कादंबरीत राय भारताचा कायमचा निरोप घेतो तो भाग, मायदेशी येण्याची वाट बंद झालेल्या लेखकाचं स्वतःचं दुःख म्हणून वाचला गेला होता. राष्ट्रकुल पुरस्काराचा सोहळा एप्रिल २००० मध्ये दिल्लीत झाला आणि त्यासाठी रश्दी आपल्या मुलाला घेऊन, १२ वर्षांहून अधिक काळाने, भारतात आले.