नाव, क्रमांक आणि रोजगार : 'सिझ्वे बान्झी इज डेड'च्या निमित्ताने

दक्षिण आफ्रिकेच्या संसदेने १९५२ साली जो कायदा संमत केला, त्याच्या शीर्षकातच 'पासांचे निर्मूलन' असे शब्द होते. प्रत्यक्षात पूर्वीचे विविध पास गोळा करून त्यांच्या जागी एकच पुस्तिका आणणे एवढाच त्याचा अर्थ होता. सोळा वर्षांवरील प्रत्येक कृष्णवर्णीयाने ही पुस्तिका सतत जवळ बाळगावयाची. तीत छायाचित्र, ओळख-क्रमांक, कराच्या नोंदी आणि मालकाची दरमहा स्वाक्षरी. धारकाच्या बोटांचे ठसे सरकारदप्तरी. लोकांनी तिला 'डोमपास', म्हणजे 'मूर्ख पास', असे नाव दिले. नागरी क्षेत्रात बहात्तर तासांहून अधिक राहण्याचा अधिकार तेथेच जन्मून सतत राहिलेल्यांना, एकाच मालकाकडे दहा वर्षे राबलेल्यांना किंवा पंधरा वर्षे कायदेशीर वास्तव्य असलेल्यांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना. इतरांना परवाना घ्यावा लागे. परवान्यावाचून काम नाही आणि कामावाचून परवाना नाही, असा हा फास होता.

अॅथॉल फ्यूगार्ड, जॉन कानी आणि विन्स्टन एन्ट्शोना यांनी मिळून रचलेले आणि १९७२ साली केप टाऊन येथे प्रथम सादर झालेले 'सिझ्वे बान्झी इज डेड' हे नाटक याच फासाभोवती उभे आहे. सिझ्वे किंग विल्यम्स टाऊनहून पोर्ट एलिझाबेथला पोटासाठी येतो. पुस्तिकेवर परत जाण्याचा शिक्का बसतो. एके रात्री त्याला आणि त्याचा मित्र बुन्टू याला रस्त्यात एक प्रेत सापडते. मृताचे नाव रॉबर्ट झ्वेलिन्झिमा, आणि त्याच्या पुस्तिकेत काम शोधण्याचा परवाना आहे. बुन्टू दोन्ही पुस्तिकांतील छायाचित्रांची अदलाबदल करतो. मग सिझ्वेला मृताचा क्रमांक पाठ करावा लागतो. नाटकाचे मर्म, माझ्या मते, या पाठांतरात आहे. नाव सोडताना सिझ्वेला बायकामुलांची आठवण येते, स्वत्वाचा प्रश्न पडतो. क्रमांकाला मात्र असा कोणताही प्रश्न नाही. तो चुकता कामा नये, एवढेच. बुन्टूचा युक्तिवाद निर्दय आहे पण खोटा नाही : व्यवस्थेच्या लेखी माणूस आधीच भूत झाला आहे, तर भूताने दुसऱ्या भूताचे नाव घेण्यात गेले काय? ठसे घेतले गेले की हे सोंग उघडे पडणार, याची जाणीव दोघांनाही आहे.

जाता जाता एक नोंद. कृष्णवर्णीयांसाठी 'नट' असा व्यवसायच अधिकृत वर्गवारीत मान्य नव्हता. त्यामुळे कानी आणि एन्ट्शोना यांची कागदोपत्री नोंद फ्यूगार्ड यांचे घरगडी म्हणून करावी लागली. रंगमंचावरील कथा आणि नटांचा निर्वाह यांत फारसे अंतर नव्हते.

त्याच वर्षी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, भारतात गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. हा योगायोगच आहे. पण तौलनिक अभ्यासकाने त्यापाशी थोडे थांबावे. मात्र समांतरता दाखविण्याची घाई नको. १८७१पासूनच्या या व्यवस्थेतही नोंदणी, हजेरी आणि हद्द सोडण्यासाठी पास होताच. पण आफ्रिकेत क्रमांकाच्या अभावी काम मिळत नसे, तर येथे पोलिसदप्तरातील नोंदीमुळेच ते दुरावे. निजामी मुलखातही असेच निर्बंध होते. कायदा गेला, तरी सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आणि गावाचा संशय शिल्लक राहिला.

लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७, साहित्य अकादेमी पुरस्कार १९८८) या संशयाखाली जगलेल्यांचे आत्मकथन आहे. चोरीचा शिक्का असल्याने काम नाही, आणि काम नसल्याने चोरी. फास ओळखीचाच वाटतो. परंतु निवेदकाची निवड सिझ्वेच्या उलट आहे. सिझ्वे जगण्यासाठी परक्याचे नाव धारण करतो आणि ते पत्राने पत्नीला कळवतो. गायकवाडांनी इतरांनी लावलेले नावच पुस्तकाला दिले आणि त्याखाली स्वतःचे नाव घातले.