तळटीप : वाघावरची देवी

७. ‘वाघावर बसलेली देवी’ : नवरात्रात सीताबर्डीच्या बाजारात मिळणाऱ्या तसबिरींविषयी लेखक बोलतो आहे. जुन्या शिल्पांत महिषासुरमर्दिनीजवळ बहुधा सिंह असतो; वाघ रूढ केला तो छापील चित्रांनी, असे आमचे मत. सिंहही सुरुवातीपासून ठरलेला नव्हता. मथुरेच्या बहुतेक कुषाणकालीन शिल्पपटांत देवी एकटीच रेड्याला भिडते : एक हात त्याच्या पाठीवर, दुसऱ्याने मुस्कट दाबलेले. त्याच कुषाणांपैकी हुविष्काच्या नाण्यावर सिंहारूढ देवी आहे खरी, पण ती नना, मूळची मेसोपोटेमियाची. दोघींचे नाते जोडण्याचा मोह अनेकांना होतो. शक्यता आहे, याहून अधिक म्हणू नये. वेरूळच्या कैलास लेण्यात (८ वे शतक) देवी सिंहावर स्वार आहे आणि समोरचा असुर मनुष्यरूपी, फक्त डोक्याला शिंगे. तिथेच लेणे क्र. १४ मध्ये सप्तमातृकांच्या पायाशी त्यांची वाहने कोरली आहेत; वाराहीचा वराह अवश्य पाहावा. नागपुरातच राहणाऱ्या वाचकाने आधी अजब बंगला, म्हणजे १८६३ साली स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय गाठावे. सीताबर्डीहून ते फार लांब नाही. — संपादक