घरातील टेलिफोन, टीव्ही व इंटरनेटचे पॉइंट : बसविण्याची पद्धत आणि दक्षता

टेलिफोन, दूरचित्रवाणी, इंटरनेट, इंटरकॉम किंवा सुरक्षा कॅमेरा यांच्या तारा घरात ज्या ठिकाणी भिंतीतून बाहेर येतात आणि जेथे उपकरण जोडले जाते, त्या जागेला व्यवहारात 'पॉइंट' म्हणतात. भिंतीत बसविलेली पेटी, तिच्यावरची पट्टी आणि पट्टीतील सॉकेट एवढाच त्याचा पसारा असतो. मात्र तो चुकीच्या जागी बसला, विजेच्या तारांच्या शेजारी बसला किंवा ओल येणाऱ्या भिंतीत बसला, तर नव्याने भिंत फोडण्यापासून विजेच्या धक्क्यापर्यंत अनेक आपत्ती ओढवू शकतात.

कोलकाता हे या विषयाचे उत्तम उदाहरण आहे. शहराची हवा दमट, पावसाळा मोठा, उत्तर भागातील कित्येक घरे चुना-सुरखीची आणि सखल वस्त्यांमध्ये दरवर्षी पाणी साचते. २३ सप्टेंबर २०२५ रोजीच्या अतिवृष्टीत शहर जलमय झाले आणि पाण्यात उतरलेल्या विजेचा धक्का बसून अनेक नागरिक मृत्युमुखी पडले. मुंबई, कोकणपट्टी व गोवा येथील हवामानही याच जातीचे असल्याने पुढील माहिती तेथील घरांनाही लागू पडते.

तारांचे जुने शहर

संदेशवहनाच्या तारांशी कोलकात्याचा संबंध फार जुना आहे. विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये या शहराजवळ तारायंत्राची प्रायोगिक वाहिनी उभारली. २८ जानेवारी १८८२ रोजी कोलकाता, मुंबई व मद्रास येथे टेलिफोन केंद्रे सुरू झाल्याचे जाहीर करण्यात आले. कोलकात्याचे केंद्र ७, कौन्सिल हाउस स्ट्रीट येथे होते आणि आरंभी त्याचे ९३ ग्राहक होते. ९ ऑगस्ट १९७५ रोजी कोलकाता दूरदर्शन सुरू झाले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा पहिल्या शहरांत कोलकाता होते. २०१२ साली केबल दूरचित्रवाणीच्या डिजिटलीकरणाचा पहिला टप्पा राबविण्यात आला, त्यातही या शहराचा समावेश होता.

प्रत्येक पिढीने आपापली तार घरात आणली आणि बहुधा खिडकीच्या चौकटीला भोक पाडूनच आणली. जुनी तार काढून टाकण्याचे काम सहसा कोणी केले नाही. जुन्या घरांच्या भिंतींवर आज दिसणारे तारांचे जंजाळ हे त्याचेच फळ आहे. म्हणून नवा पॉइंट बसविण्यापूर्वी कोणती तार चालू आहे व कोणती मृत आहे, हे तपासून मृत तारा काढून टाकणे हे पहिले काम होय.

'कमी दाब' म्हणजे किती?

घरातील मुख्य वीजपुरवठा २३० व्होल्टचा असतो. आंतरराष्ट्रीय प्रमाणांनुसार प्रत्यावर्ती प्रवाहाचा ५० व्होल्टपर्यंतचा आणि एकदिश प्रवाहाचा १२० व्होल्टपर्यंतचा दाब 'अति कमी दाब' समजला जातो. प्रस्तुत लेखात अभिप्रेत आहेत त्या याच वर्गातील तारा. येथे शब्दाचा एक घोटाळा टाळावा. भारतीय विद्युत नियम, १९५६ यांत २५० व्होल्टपर्यंतच्या दाबाला 'लो' म्हटले होते. म्हणजे त्या अर्थाने घरातील २३० व्होल्टची प्राणघातक वीजही 'कमी दाबा'चीच ठरते. केवळ नावावर विसंबून कोणत्याही तारेला हात लावू नये.

तांब्याच्या टेलिफोन तारेवर एरव्ही सुमारे ४८ व्होल्टचा एकदिश दाब असतो. मात्र घंटी वाजते त्या वेळी त्याच तारेवर ७५ व्होल्ट किंवा त्याहून अधिक प्रत्यावर्ती दाब येतो आणि उघड्या तारेला हात असल्यास झटका बसतो. डिश अँटेनाच्या केबलमधून सेट टॉप बॉक्स १३ किंवा १८ व्होल्टचा दाब वर पाठवितो. संगणक-जाळ्याच्या तारेतून कॅमेऱ्याला वीज पुरविण्याच्या पद्धतीत सुमारे ४४ ते ५७ व्होल्टचा एकदिश दाब असतो.

दोन वस्तू या वर्गात मोडतात असा गैरसमज आढळतो. आपल्याकडील दारावरच्या साध्या घंटीचे बटण बहुतेक घरांत थेट २३० व्होल्टवर चालते. तसेच मोबाइल चार्ज करण्यासाठी भिंतीत बसविलेल्या यूएसबी सॉकेटच्या पुढच्या बाजूस ५ व्होल्ट असले, तरी मागे २३० व्होल्टची जोडणी असते. या दोन्ही वस्तू विजेच्या पेटीतच बसवाव्यात आणि ते काम परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करून घ्यावे.

आराखडा

पॉइंट कोठे हवेत हे ठरविण्यापूर्वी तारा कोठून निघणार हे ठरवावे. उत्तम पद्धत अशी की, घरात कोरड्या व हवेशीर जागी एक मध्यवर्ती पेटी असावी आणि तेथून प्रत्येक पॉइंटपर्यंत स्वतंत्र तार जावी. एका पॉइंटमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी साखळी केल्यास एका ठिकाणचा दोष पुढील सर्व खोल्यांना भोगावा लागतो. तो दोष शोधणेही कठीण जाते.

दूरचित्रवाणीच्या केबलबाबत हे विशेष खरे आहे. एका केबलचे दोन फाटे करणाऱ्या साध्या विभाजकात प्रत्येक फाट्याचा संकेत निम्म्याहून कमी शक्तीचा होतो. डिश अँटेनासाठी तर असा विभाजक चालतच नाही. प्रत्येक सेट टॉप बॉक्ससाठी छतावरून वेगळी केबल आणावी लागते.

ऑप्टिकल फायबरच्या जोडणीत घराच्या आत एक लहान यंत्र बसविले जाते व त्याला २३० व्होल्टची वीज लागते. म्हणून मध्यवर्ती पेटीजवळ विजेचे एक सॉकेट हवे. ते शेजारी असावे, पण वेगळ्या पेटीत असावे. वायरलेस सेवा घरोघर पोहोचली तरी तारेची गरज संपलेली नाही. जुन्या घरांच्या जाड भिंतींतून वायरलेस लहरी क्षीण होतात आणि दूरच्या खोलीत तारेचा पॉइंट हाच भरवशाचा उपाय ठरतो.

साहित्य

कोलकात्यात विजेच्या सामानासाठी एझरा स्ट्रीट आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी चांदनी चौक या बाजारपेठा प्रसिद्ध आहेत. कोणत्याही शहरातील अशा बाजारात तार घेताना एक गोष्ट पाहावी. संगणक-जाळ्याची काही स्वस्त तार शुद्ध तांब्याची नसते. ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते. तारेचे टोक चाकूने खरवडल्यास आतील पांढरा धातू दिसतो. अशा तारेचा विद्युतरोध अधिक असतो, ती वाकविताना तुटते आणि तिच्यातून कॅमेऱ्याला वीज पुरविल्यास ती अधिक तापते. भिंतीच्या आत अशी तार घालू नये.

इंटरनेटसाठी 'कॅट-६' प्रतीची तार आणि दूरचित्रवाणीसाठी ७५ ओहमची 'आरजी-६' केबल घ्यावी. घराबाहेरून येणाऱ्या तारेचे आवरण उन्हापावसात टिकणारे असावे. पेटी सुमारे ५० मिलिमीटर खोल असल्यास तारेला तीव्र बाक येत नाही.

पाइप निवडताना त्याच्या पोकळीचा ४० टक्क्यांहून अधिक भाग तारांनी व्यापू नये, असा संकेत आहे. 'कॅट-६' तारेची जाडी साधारण ६ मिलिमीटर धरल्यास २० मिलिमीटरच्या पाइपमध्ये ३ व २५ मिलिमीटरच्या पाइपमध्ये ५ तारा बसतात. पुढील काळाचा विचार करून मोठा पाइप घालणे शहाणपणाचे ठरते. तारांचे प्रकार बदलतात, पाइप मात्र राहतो.

भिंतीतील काम

भिंतीला हात लावण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा आणि परिसरातील तारांत वीज नाही हे परीक्षकाने तपासून घ्यावे. त्यानंतर पेटीची जागा व पाइपचा मार्ग भिंतीवर आखावा. मार्ग नेहमी सरळ उभा किंवा सरळ आडवा असावा. तिरका मार्ग घेतल्यास पाइप वाचतो खरा, पण पुढे तसबीर टांगण्यासाठी खिळा ठोकणाऱ्याला आत तार असल्याचा अंदाज येत नाही.

खाच किती खोल पाडावी यालाही मर्यादा आहे. उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून आणि आडवी खाच एक षष्ठांशाहून खोल नसावी, असा बांधकामातील सर्वसाधारण दंडक आहे. पाच इंची, म्हणजे सुमारे १२५ मिलिमीटर जाडीच्या भिंतीत उभी खाच ४० मिलिमीटरपर्यंत चालते, आडवी मात्र केवळ २० मिलिमीटर. पंचवीस मिलिमीटरचा पाइप आणि त्यावरचा गिलावा आडव्या खाचेत मावत नाही. म्हणून अशा भिंतीत पाइप छताजवळून किंवा तळाजवळून भिंतीच्या बाहेरून आणावा आणि पेटीच्या ठिकाणी सरळ उभा उतरवावा. खांब व तुळया यांत खाच पाडू नये.

चुना-सुरखीच्या जुन्या भिंती जाड असल्या तरी त्यांचा गिलावा ठिसूळ असतो आणि घावाबरोबर मोठे पापुद्रे सुटतात. तेथे खाच न पाडता प्लास्टिकची पट्टी, म्हणजे केसिंग-कॅपिंग, आणि भिंतीवर बसणारी पेटी वापरणे हितावह असते. इमारत वारसा यादीत असल्यास महानगरपालिकेच्या नियमांची आधी चौकशी करावी.

पाइप व पेटी बसवून गिलावा पूर्ण वाळल्यावरच तारा ओढाव्यात. 'कॅट-६' तारेवर सुमारे ११ किलोग्रॅमहून अधिक ताण पडू नये आणि बाकाची त्रिज्या तारेच्या जाडीच्या चौपटीहून कमी नसावी. पेटीत वीस-पंचवीस सेंटिमीटर तार शिल्लक ठेवावी.

सॉकेटची जोडणी

'कॅट-६' तारेत पीळ दिलेल्या चार जोड्या असतात. आठही तारा सॉकेटच्या खाचांत विशेष हत्याराने दाबून बसवितात. त्यांच्या रंगांचे दोन मान्य क्रम आहेत व ते सॉकेटवर 'ए' आणि 'बी' असे छापलेले असतात. 'बी' क्रम असा : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. कोणताही क्रम घ्यावा, पण दोन्ही टोकांना तोच असावा. जोडीचा पीळ १३ मिलिमीटरहून अधिक उलगडू नये. पीळ हाच बाह्य उपद्रवापासून संकेताचे रक्षण करतो.

भिंतीतील तारेची लांबी ९० मीटर आणि दोन्ही टोकांच्या सुट्या तारा मिळून १० मीटर ही मर्यादा आहे. जोडणीनंतर परीक्षकाने आठही तारा तपासाव्यात. चारपैकी दोनच जोड्या लागल्या असल्यास इंटरनेट चालते, पण वेग सेकंदाला १०० मेगाबिटपुरता मर्यादित राहतो आणि दोष महिनोन्महिने लक्षात येत नाही.

फायबरच्या उघड्या टोकात डोळा लावून पाहू नये. त्यातील लेसर किरण अदृश्य असले तरी डोळ्यास अपायकारक ठरू शकतात.

वीज, पाणी आणि आकाशातील वीज

विजेच्या तारा आणि या तारा एकाच पाइपमध्ये किंवा एकाच पेटीत कदापि घालू नयेत. विजेच्या तारेचे आवरण झिजले, तर २३० व्होल्टचा दाब टेलिफोन, संगणक किंवा टीव्ही केबलच्या धातूच्या टोकापर्यंत पोहोचतो आणि त्याला हात लावणाऱ्याच्या जिवावर बेततो. समांतर जाताना दोहोंमध्ये शक्यतो एक फूट अंतर राखावे. एकमेकींना ओलांडणे अटळ असल्यास काटकोनात ओलांडावे.

पॉइंट सामान्यतः जमिनीपासून एक फूट उंचीवर बसवितात. ठनठनिया, कॉलेज स्ट्रीट यांसारख्या पाणी साचणाऱ्या भागांत तळमजल्यावर ही उंची पुरत नाही. घरात पूर्वी चढलेल्या पाण्याची खूण पाहून पॉइंट आणि त्याहून अगत्याने विजेची सॉकेटे त्या खुणेच्या बरीच वर घ्यावीत. घराला ३० मिलिॲम्पिअरचा गळती-संरक्षक स्विच असावा व त्यावरील चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहावे. बाहेरची तार भिंतीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तेथून ठिबकून जाते. भोक बाहेरच्या बाजूस उतरते पाडून बुजवावे.

छतावरून येणाऱ्या तांब्याच्या केबलवर वीज पडण्याचा धोका असतो. केबलचे बाह्य जाळे व अँटेनाचा खांब भूसंपर्कित करावा. वादळाची चाहूल लागताच केबल उपकरणापासून अलग करावी. फायबरमधून वीज वाहत नाही. तथापि बाहेरच्या फायबर केबलला आधारासाठी पोलादी तार असू शकते. ती घराबाहेरच थांबवावी.

काम संपल्यावर प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना क्रमांक घालावा आणि गिलावा करण्यापूर्वी उघड्या पाइपांची मोजपट्टीसह छायाचित्रे काढून ठेवावीत. पुढे दुरुस्तीस येणाऱ्या कारागिराला भिंतीच्या आत काय आहे, हे त्यांवरूनच कळते.