धाबे, पांझरा आणि आगीचा विमा

धुळ्यातल्या आमच्या जुन्या घराच्या रस्त्याकडच्या दोन खोल्या स्लॅबच्या आहेत, मागचे माजघर अजून धाब्याचे. दोन वर्षांपूर्वी श्रावणात एका रात्री तुफान पाऊस झाला. गटार तुंबून पुढच्या खोल्यांत गुडघाभर पाणी शिरले. तेवढ्यात आई माजघरातून ओरडली, ‘‘धाबं गळी राहिनं!’’ सकाळपर्यंत माजघराची मागची भिंत फुगून खाली आली होती.

घराचा विमा होता. कंपनीला त्याच दिवशी कळवले, फोटो पाठवले. दोन दिवसांनी सर्वेक्षक आले. त्यांच्या अहवालात नुकसानीचे दोन भाग पडले. पुढच्या खोल्यांतले प्लास्टर, गाद्या, कपाट हे ‘पुराचे पाणी’ म्हणून मंजूर. भिंत ‘दीर्घकाळची ओल’ म्हणून नामंजूर. पाऊस एक, रात्र एक, मग पाणी दोन प्रकारचे कसे? विमा लोकपालाकडे तक्रार करायची, या रागाने मी कागद जमवू लागलो आणि शोध भलतीकडेच गेला.

खानदेशात पाऊस बेताचा, ऊन कडक. म्हणून इथले जुने छप्पर सपाट. तुळयांवर कड्या, कड्यांवर लाकडी चिपा, त्यावर काडीकचरा व चिखलमाती आणि सर्वांत वर खारी. या खारट मातीचे बारीक कण पाण्याने फुगतात आणि फटी बुजवतात. पाणी उतारावरून पन्हळीकडे जाते. मराठीत नियम धाब्यावर बसवतात. धाब्याचा स्वतःचा नियम मात्र कडक आहे. पावसाळ्यापूर्वी नवी खारी टाकायची, नाहीतर घर गळणार. हे काम घरमालकाचे, त्याबद्दल कोणाकडे दाद मागायची नसते.

पुराचे तसे नव्हते. १८१९ मध्ये कॅप्टन ब्रिग्जने धुळे हे खानदेशाचे मुख्य ठाणे केले आणि पांझरेकाठी आखीव रस्त्यांची पेठ वसवली. १८७२ च्या पुरात त्याच पांझरेने शेकडो घरे उद्ध्वस्त केली. गिरणाकाठही त्या वर्षी झोडपला गेला. असा घाला पडला की माणूस सरकारकडे आणि शेजाऱ्यांकडे पाहणार. आजही पूर ओसरला की तलाठी पंचनाम्याला येतो. पंचनाम्यातून मिळते ती मदत. तिचा आकडा सरकार ठरवते.

हक्काने मागायची भरपाई आली ती विम्याच्या करारातून, आणि तो करार मुळात आगीचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६० च्या दशकात कापसाला सोन्याचे भाव आले, त्याच काळात रेल्वे आली आणि जळगाव कापसाची मोठी बाजारपेठ झाले. जिन-प्रेसमध्ये रचलेल्या रुईला एक ठिणगी पुरे. व्यापाऱ्याला धास्ती आगीची, म्हणून विमाही आगीचा. वादळ आणि पूर त्याला नंतर जोडले गेले. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. १०७ विमा कंपन्या चार सरकारी कंपन्यांत आल्या. तरी पॉलिसीचे घराणे आगीचेच राहिले. १ एप्रिल २०२१ पासून सर्व कंपन्यांनी द्यायची ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाण पॉलिसीही त्याच वंशातली. तिच्यात पूर, वादळ, पाण्याची टाकी वा नळ फुटणे यांना जागा आहे. झीज, ओल, हळूहळू होणारा बिघाड यांना नाही. आग एका क्षणी लागते. पाण्याचे नुकसानही विमा त्याच मापाने मोजतो.

हे माप धाब्याला अन्यायाचे आहे, असा माझा युक्तिवाद तयार होता. जे छप्पर दरवर्षी नीट राखले, ते एका रात्रीच्या पावसाने गळले तर तो अपघातच. पुरावा म्हणून वडिलांच्या खर्चाच्या वह्या काढल्या. दर वैशाखात एक ओळ होतीच: ‘खारी, दोन गाड्या, मजुरी.’ कुठल्याही सर्वेक्षकापुढे ठेवावा असा तो दस्तऐवज होता. पण वडील गेले त्या वर्षानंतर ती ओळ नाही. मी नोकरीसाठी जळगावात. नऊ पावसाळे धाब्यावर कोणी चढलेच नव्हते. पडलेल्या भिंतीच्या फोटोंकडे पुन्हा पाहिले, तेव्हा ओलीचे जुने तपकिरी पट्टे मलाही दिसले.

विमा हप्त्यावर चालतो आणि धाबे खारीवर. मी पहिला वेळेवर भरला, दुसरी विसरलो. भिंतीबाबतची तक्रार मी केली नाही. मंजूर रक्कम पुढच्या खोल्यांना लागली, भिंत पदरच्या पैशाने उभी केली.

खारीचा उतार जमणारा माणूस शोधायला दोन महिने गेले. या वैशाखात धाब्यावर खारी पडली. आईने वडिलांचीच वही पुढे केली. तारीख, गाड्या, मजुरी लिहिली, आणि खाली त्या माणसाची सही घेतली.