वलंदेजांचा वाणसामान

आमच्या शिवाजी पेठेचा समुद्राशी संबंध येतो तो सुकटाच्या वासापुरता. एरवी आमची तहान रंकाळ्यावर भागते. वाऱ्याने चार लाटा उठल्या, की पेठेतला गडी भेळेचा पुडा सांभाळत समुद्राला नापास करून मोकळा होतो. तेव्हा आरमारी इतिहासावर मी बोलणे म्हणजे धाडसच. पण पडलो बी.कॉम., त्यात बँकेतला कारकून. लढाईचे वर्णन वाचताना तलवार कुणी उपसली यापेक्षा तांदूळ कुणी पुरवला, हा प्रश्न मला आधी पडतो.

आता वेंगुर्लेच घ्या. आंबोली घाट उतरून आपण तिथे जातो ते मासे खायला आणि काजू आणायला. सतराव्या शतकात तिथे खरेदीला यायचे डच, म्हणजे आपले वलंदेज. त्यांची कंपनी १६०२ सालची. भागभांडवल, भागधारक, हिशेबाच्या वह्या, सगळे अगदी आमच्या अभ्यासक्रमातले! फरक एवढाच, की या कंपनीकडे तोफा होत्या. आमच्याकडे वसुलीला नुसत्या नोटिसा.

१६३६ पासून या कंपनीने पोर्तुगीजांच्या गोव्याची नाकेबंदी चालवली. नाकेबंदी म्हणजे बंदराच्या तोंडाशी जहाजे उभी करून बसून राहणे. वर्षातले आठ महिने! पावसाळ्याचे चार महिने समुद्रच बंदर बंद ठेवी. तेवढीच कंपनीची बचत. पण आठ महिने बसणाऱ्यांनी प्यायचे काय? पिंपातले पाणी नासते, बिस्किटांत किडे होतात, ताजे अन्न नसले की हिरड्या सुजून दात हलू लागतात. दुसऱ्याला उपाशी ठेवायचे, तर आधी आपले पोट भरलेले हवे.

त्यासाठी १६३७ साली योहान व्हान ट्विस्ट हा त्यांचा वकील विजापूरला गेला आणि आदिलशहाने वेंगुर्ल्याला वखारीची परवानगी दिली. शहाला डचांचा पुळका होता असे नाही. गोवा मुळात त्याच्याच घराण्याचे. १५१० साली पोर्तुगीजांनी ते हिसकावले होते. परक्याच्या दारूगोळ्यावर आपला काटा निघत असेल, तर वखारीपुरती जागा गेली म्हणून काय बिघडले? गोव्याच्या उत्तरेला जेमतेम चाळीस-पन्नास किलोमीटरवर हे बंदर. जहाजे तिथे येत, शिधापाणी भरत आणि पुन्हा पहाऱ्याला जात.

ही हकीकत मी उभा मारुती चौकातल्या आमच्या वाण्याला सांगितली. आण्णांनी तागडी खाली ठेवली.

"आठ म्हयनं बांधलेलं गिऱ्हाईक! आन् लढाई मिटल्यावर वो, सायेब?"

पदवी मला मिळाली, धंदा आण्णांना कळला!

लढाई मिटलीच. तह युरोपात १६४१ ला झाला, इकडे लागू व्हायला १६४४ उजाडले. पण वेंगुर्ल्याचे गिऱ्हाईक तुटले नाही. ताव्हेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या १६४८ च्या जानेवारीत डच जहाजातूनच तिथे उतरला. त्याने लिहून ठेवले आहे, की इथले पाणी नि तांदूळ उत्तम, वेलदोडा नामांकित, आणि डच पूर्वी नाकेबंदीसाठी येत ते आता व्यापारासाठीही येतात. मग हा गृहस्थ होडीत बसून चक्क गोवा बघायला गेला! ज्या बंदरावर कालपर्यंत डचांचा पहारा, त्याला त्याने कॉन्स्टँटिनोपल आणि तुलाँ यांच्या पंगतीला बसवले.

पुढे तह मोडला, पुन्हा नाकेबंदी झाली. १६६३ साली डचांना कोचीन मिळाले. गोवा मात्र मिळाले नाही ते नाहीच. ते १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडेच राहिले. ज्यासाठी एवढी गलबते भरली, तो व्यवहार बुडीत खाती गेला.

वेंगुर्ल्यात वखारीच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. आत झाडोरा माजला आहे. इतिहासाच्या पुस्तकात वकिलाचे नाव आहे, शहाचे आहे, जवाहिऱ्याचे आहे. तांदूळ मोजून देणाऱ्याचे तेवढे नाही. पण माझ्या वहीत त्या सगळ्या लढाईत नफ्यात राहिलेला खातेदार तोच एक.