पहाटेची पाठशाळा

बंगळूर म्हटले की मराठी माणसास शहाजीराजांची जहागीर आठवते. परंतु कर्नाटकाशी आलेला मराठी कुटुंबांचा संबंध केवळ तलवारीचा आणि जहागिरीचा नव्हे. या शहरापासून सुमारे 300 किलोमीटरांवर, सह्याद्रीच्या दाट अरण्यात, तुंगा आणि भद्रा या नद्यांच्या उगमापाशी गंगामूळ नावाचे ठिकाण आहे. तेथे गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात एका मराठी दांपत्याने आपली मुले घरीच शिकविण्याचा प्रपंच मांडला होता. आज बंगळुरात मुलांस शाळेत न घालता घरी शिकविणारी कुटुंबे आढळतात. तेथे अभ्यासक्रमाची चर्चा होते, मुक्त विद्यालयाच्या परीक्षेची होते; शिकविणाऱ्या आईच्या झोपेची आणि प्रकृतीची मात्र क्वचितच होते. आपणां बदलीच्या नोकरांच्या घरीही मराठीपुरती एक लहानशी शाळा चालतेच, आणि ती कोण चालविते हे सांगावयास नको. म्हणून गंगामूळची हकीकत येथे सांगावीशी वाटली.

अनंतशास्त्री डोंगरे हे मूळचे मंगळूरच्या बाजूचे चित्पावन ब्राह्मण. विद्येसाठी ते पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशी राहिले. हे शास्त्रीबुवा दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीस संस्कृत शिकवीत असत. बाईमाणसाच्या तोंडून शुद्ध संस्कृत ऐकून तरुण अनंतशास्त्र्यांनी ठरविले की आपणही पत्नीस शिकवावयाचे. पहिल्या पत्नीच्या बाबतीत घरच्या वडीलधाऱ्यांनी ते चालू दिले नाही. तिच्या मृत्यूनंतर गोदावरीच्या काठी त्यांचा दुसरा विवाह झाला तो लक्ष्मीबाईंशी. त्या वेळी त्यांचे वय नऊ वर्षांचे होते. या बालवधूस त्यांनी संस्कृत शिकविले, त्याबद्दल उडुपीच्या पंडितांपुढे उभे राहून शास्त्राधारे आपली बाजू मांडली, आणि पुढे गंगामुळास जाऊन आश्रमवजा घर बांधले.

इतिहासकार येथपर्यंत रंगून लिहितात. शास्त्रीबुवांचे धैर्य खरोखरच मोठे होते. परंतु घर बांधून झाल्यावर ते चालविले कोणी? शिकावयास येऊन राहणारे विद्यार्थी, वाटेने येणारे यात्रेकरू, गाईगुरे, आणि पदरी मुले. या सर्वांचे जेवणखाण लक्ष्मीबाईंकडे. पतीच्या अनुपस्थितीत विद्यार्थ्यांना पाठ देणेही त्यांच्याकडेच. आमच्या कचेरीत कोणी रजेवर गेला तर त्याचे काम पाहावयास लिंक अधिकारी नेमलेला असतो. लक्ष्मीबाईंच्या जागी नेमावयास कोणी नव्हते. आल्यागेल्याच्या पाहुणचारात पैसा संपला, कर्ज झाले. धाकटी मुलगी रमा 23 एप्रिल 1858 रोजी गंगामुळास जन्मली; ती सहा महिन्यांची असतानाच कुटुंबाने अरण्य सोडले आणि वेताच्या पेटाऱ्यातून बाळाला डोंगराखाली उतरविले. त्यानंतर आयुष्यभर तीर्थयात्रा आणि पुराणकथन.

ही रमा म्हणजेच पुढे पंडिता रमाबाई. तिच्या शिक्षणाची वेळ आली तेव्हा वडील वृद्ध झाले होते. म्हणून वयाच्या आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत तिला आईनेच शिकविले. दिवसा सवड नसे, म्हणून पाठ पहाटे होत. झोपेने जड झालेल्या मुलीस गोंजारून उठवावयाचे आणि पोथी हाती न देता मुखानेच श्लोक सांगावयाचे. रेचेल बॉडली या अमेरिकन विदुषीने हे वर्णन करताना भोवती अरण्यातील पाखरे किलबिलत ठेवली आहेत. रमाबाईंच्याच सांगण्याप्रमाणे अरण्य तर केव्हाच सुटले होते; तेव्हा ती पाखरे कोठल्यातरी तीर्थक्षेत्राची असावीत. पहाट मात्र खरी.

मला या पहाटेत लक्ष्मीबाईंचे शहाणपण दिसते. सबंध दिवसात निर्वेध असा हा एकच प्रहर होता आणि तो त्यांनी मुलीसाठी राखला. त्यात दुसरे काम घेतले नाही, दिवसभर मुलीमागे पुस्तक घेऊन धावल्या नाहीत. ज्या व्याकरणात आणि काव्यात त्यांचे स्वतःचे मन रमत होते तेच त्यांनी शिकविले. म्हणजे तो प्रहर मुलीच्या अभ्यासाइतकाच आईच्या विसाव्याचाही असला पाहिजे, असे माझे अनुमान आहे. बाराव्या वर्षाच्या सुमारास मुलीस भागवताचे 18,000 श्लोक मुखोद्गत झाले होते.

या शाळेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आईबापांनी मुलांना बाहेरच्या जगाचा वारा लागू दिला नाही. संस्कृताखेरीज व्यवहारोपयोगी असे काही शिकविले नाही. पुढे मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा हे विद्वान कुटुंब पोट भरण्यास सर्वथा असमर्थ ठरले. मोलमजुरी येत नव्हती आणि जातीचा अभिमान ती शिकूही देत नव्हता. प्रथम वडील गेले, थोड्याच काळाने लक्ष्मीबाई, मग थोरली बहीण कृष्णाबाई. उरलेली दोन भावंडे पायी हिंडत हिंडत 1878 मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमेची परीक्षा घेऊन तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. आईच्या पहाटेच्या पाठांचे हे फळ पाहावयास आई नव्हती.

रमाबाई स्वतः आई झाल्या तेव्हा त्यांनी हाच मार्ग धरला नाही. 1882 मध्ये पती वारले, मुलगी मनोरमा एक वर्षाचीही नव्हती. पुढे अमेरिकेत व्याख्याने देत हिंडत असताना त्यांनी मनोरमेस इंग्लंडात वाँटेज येथील भगिनींकडे ठेवले. पण तिला कोणते धर्मशिक्षण द्यावयाचे याविषयीचा अधिकार सोडला नाही. त्यावरून सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला कडाक्याचा पत्रव्यवहार आज छापील उपलब्ध आहे. मुलीस दुसऱ्याच्या हाती सोपविल्याबद्दल त्या काळी आणि पुढेही त्यांना नावे ठेवली गेली. मला ती टीका अन्यायाची वाटते. एका बाईच्या देहावर सारी शाळा उभी राहिली की काय होते, हे त्यांनी आपल्या घरात पाहिले होते. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात मुलींना अक्षरांबरोबर विणकाम, छपाई आणि शेतीही शिकविली गेली. दुष्काळाने दिलेला धडा त्यामागे असावा.

1887 मध्ये अमेरिकेत त्यांचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचे इंग्रजी पुस्तक निघाले. बॉडलीबाईंची प्रस्तावना त्यालाच आहे. त्याच्या अर्पणपत्रिकेवर नाव आहे लक्ष्मीबाई डोंगरे यांचे.